एका वर्षाचा पूल

मंजिरी गेल्याचा फोन पुण्याला मीच केला. दादांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू डॉक्टर ना गं? मग तिला त्या पेरू देशात घेऊन कशी गेलीस?" त्याला आता नऊ आठवडे झाले. पाठची बहीण गेलेल्या माणसाशी वाद घालण्याची ती वेळ नव्हती. पण नंतर इथल्या, लिमरिकच्या मंडळींनीही तेच सुरू केलं. भेटायला यायचं, चहा घ्यायचा आणि जाता जाता हळूच, "तेव्हाच पुण्याला नेली असती तर..." म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. हो, मी नेलं. आणि परत वेळ आली तर परत नेईन.

मंजिरी साताऱ्याची. गॉलवेला शिकायला आली आणि आयर्लंडमध्येच राहिली. तिचं काम पूल तपासण्याचं. गमबूट घालून भर पावसात पुलाखाली उतरायची, छोट्या हातोडीने काँक्रीट ठोकायची आणि आवाजावरून सांगायची, आत भरीव आहे की पोकळ. मी इथल्या हॉस्पिटलात भूल देते. पहिल्या भेटीत, गणपतीच्या जेवणाला, माझा मोदक हातात फिरवून ती म्हणाली, "याला पायाच नाहीये गं, बसणार हा." आणि तो बसलाच! अशी बाई आवडायला वेळ लागतो. मला दोन वर्षं लागली, पण मग तिच्याशिवाय रविवार सुना जायला लागला.

दुसऱ्यांदा कॅन्सर उलटला तेव्हा तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बरं होणं आता नाही. केमो घेतली तर थोडे महिने वाढतील, कदाचित. दादांनी पुण्यात हॉस्पिटल ठरवलं, खोली रंगवून घेतली. त्यांची माया मला कळत नव्हती असं नाही. मंजिरी मात्र म्हणाली, "मला पूल बघायचाय."

तो पूल पेरूच्या डोंगरात, खोल घळीवर, निव्वळ गवताचा. इंका लोकांच्या काळापासून तिथली गावं दरवर्षी जुना पूल कापून नदीत सोडून देतात आणि नवा विणतात. त्याचा फोटो तिच्या टेबलासमोर कायम असायचा. "आम्ही शंभर वर्षांची हमी देतो आणि तिसाव्या वर्षी भेगा बुजवत बसतो," ती म्हणायची. "ही माणसं एकाच वर्षाची देतात, आणि पूल शेकडो वर्षं उभा!" मी डोकं आपटून घेतलं. उंची सांगितली, विरळ हवा सांगितली, तिचं हिमोग्लोबिन वाचून दाखवलं. शेवटी वैतागून म्हटलं, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघ तुझा!" तर हसून म्हणते, "मग चल की, सुंभ वळतात कसा ते बघायला." गेले. औषधांची अख्खी बॅग घेऊन गेले.

तिथे पोचलो आणि पहिल्याच दिवशी आम्हाला अडवलं. पूल विणताना घळीत फक्त पुरुष उतरतात, बायका गेल्या तर पूल धरत नाही अशी तिकडची समजूत. "जन्मभर पूल तपासले मी," मंजिरी लाल होऊन म्हणाली, "आणि हा युअर मॅन, हा कोण बाबा, मला सांगतोय खाली जाऊ नको!" मला वाटलं, आता इथे महाभारत होणार. पण वर माळावर बायका बसल्या होत्या. राठ गवत भिजवून, दगडाने ठेचून, तळहातांमध्ये त्याची बारीक दोरी वळत होत्या. त्याच दोऱ्यांचे पुढे मनगटाहून जाड दोर होतात, आणि प्रत्येक घराने आपल्या वाट्याची दोरी आणायची असते. मंजिरी तरातरा गेली आणि त्यांच्यात बसली. साताऱ्याला आईने तिला आणि दादांना वाती वळायला शिकवल्या होत्या, त्याच हाताने भराभर वळायला लागली. हातभर दोरी झाली तेव्हा शेजारच्या म्हातारीने ती उचलली, निरखली आणि सरळ उलगडून टाकली. पीळ उलटा पडला होता. अशी दोरी मोठ्या दोरात बसत नाही, सुटून येते. म्हातारी रागावली नाही की हसली नाही. गवत परत हातात दिलं, इतकंच. मंजिरी संध्याकाळपर्यंत वळत राहिली आणि तिची दोरी ढिगात गेली. जगात कुठल्या केमोने तिचा चेहरा तसा झाला असता, सांगा मला!

चौथ्या दिवशी पूल सगळ्यांना, बायकांनाही, खुला झाला. तिला धाप लागत होती, ओठ निळसर दिसत होते, आणि मी मागून ओरडत होते, "मंजे, पुरे, फिर मागे!" ती मधोमध थांबली. पूल हलतोय, खाली नदी, आणि ही वाकून दोर ठोकून बघतेय! मग वळून मोठ्याने म्हणाली, "ग्रँड आहे गं, ये!" आणि पार गेली. मला भीती वाटत होती, पण गेले.

परत आलो तेव्हा इकडे गवत कापणी चालली होती. शेजारच्या नोरीनबाईंना तिने सगळं रंगवून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, त्यात काय, आम्हीही वाळल्या गवताचे दोर करायचो, फक्त दोन माणसं लागतात. एकाने गवत पुरवायचं, दुसऱ्याने पीळ देत मागे मागे जायचं. आम्ही दोघींनी तसा एक दोर केला, त्या म्हातारीच्याच पिळाचा, आणि मंजिरीने तो माझ्या मागच्या फाटकाला कडीसारखा बांधला. "वर्षभर," तिने बजावलं. "मग कापायचा. जपून ठेवायचा नाही, सांगून ठेवते." पुढे दहा महिने ती माझ्याच घरी होती. शेवटचे तीन आठवडे फार वाईट गेले, ते मी लपवत नाही. पण आधीचे महिने तिचे होते, तिने निवडलेले.

गेल्या आठवड्यात दादा तिच्या वस्तू न्यायला आले. फाटकाशी थांबले. इथल्या पावसाने दोर काळा पडला होता, तुसं निघाली होती. "हा तिच्या हातचा ना? हा तरी मला दे," म्हणाले. मला स्वतःलाच तो कपाटात ठेवायचा होता. पण वर्ष भरलं होतं.

"नाही दादा," मी म्हटलं आणि कात्री आणली.

कापलेला दोर मागच्या ओढ्यात सोडला. दादा माझ्याकडे असे बघत होते की आता हात उचलतील. "तुला काळीज आहे की नाही?" ते ओरडले. मी नोरीनबाईंकडून भाराभर ताजं गवत आणलं आणि म्हटलं, "एकटीला नाही जमत हे. टोक धरा."

दोर वाहून गेला तिकडे त्यांनी एकदा पाहिलं... मग बाह्या सरसावून टोक हातात घेतलं आणि पीळ देत मागे सरकायला लागले. आईने शिकवलेला तोच हात. उलटा पीळ. मी दोर उलगडला आणि गवत परत त्यांच्या हातात दिलं.