इजा: नाही

आ-ख्वानची गोष्ट मी सांगणार म्हणजे तोंडाला साखर लावून सांगणार नाही, हे आधीच सांगते. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत नर्स म्हणून काढली. तिथे गोड बोलणारी बाई आठ दिवसांत रडत घरी जाते. मी फटकळ होते म्हणून टिकले. आ-ख्वान माझ्यासारखी तडातडा बोलायची नाही. ती हळू बोलायची आणि खरं बोलायची, त्यामुळे ती कुणालाच आवडायची नाही.

आम्ही दोघी एका गावच्या, तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या. मी शिकले. ती सहावीनंतर कालवं फोडायला बसली, शिंपले कापतात म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळून, थोरल्या बहिणीच्या शेजारी. आई लवकर गेलेली. त्या बहिणीने, आ-ग्योकने, तिला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि लग्नात स्वतःची एकुलती एक बांगडी तिच्या हातात घातली.

तिचा नवरा थ्येन-फू खाडीकाठच्या तळ्यावर चिलापी मासे काढायचा. एका ऑगस्टमध्ये पाय सुजला म्हणून तो आमच्याकडे आला, गोळ्या घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी परत आणला तेव्हा पाय मांडीपर्यंत जांभळा आणि वर काळे फोड. पाय कापला, तरी चौथ्या दिवशी माणूस गेला. उन्हाळ्यात खाडीचं पाणी कोमट झालं की त्यात एक जंतू माजतो. केसाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि मांस सडवत वर चढतो. ज्याचं लिव्हर आधीच खराब त्याला तर तो सोडतच नाही, आणि आमच्याकडे अर्ध्या गावाचं लिव्हर खराब. पहिल्या दिवशी ओळखलं तर माणूस हाती लागतो. नंतर सगळं देवावर.

इस्पितळाने दया म्हणून आ-ख्वानला रेकॉर्ड रूममध्ये घेतलं. केसपेपर काढायचे, लावायचे. महिन्याभरात तिने नवऱ्याचा केसपेपर शोधला आणि माझ्यापुढे आणून ठेवला.

"आ-हुन, हे तू लिहिलंस?"

छापलेला रकाना होता, 'इजा'. पुढे माझ्या अक्षरात: नाही.

"मीच लिहिलं. विचारलं मी त्याला, इजा झाली का म्हणून. नाही म्हणाला."

"टाचेत चिलापीचा काटा गेला होता."

"मग सांगायचं होतं ना त्याने. मला काय स्वप्न पडतं?"

"इजा म्हणजे काय गं?" ती म्हणाली. "आपल्याकडे मोटारसायकलवरून पडला तर इजा. भावाभावांत कोयता चालला तर इजा. काटा रोज टोचतो. त्याला कोण इजा म्हणतं? तू इथलीच ना?"

"बाई, केसपेपरवर छापलंय ते विचारते मी. माझ्या आजीची बोली नाही छापत तिथे."

ती गेली. मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय.

तिने सात वर्षांचे केसपेपर उपसले. असं मांस सडून आलेले एकतीस जण निघाले. त्यांतल्या चौदांच्या पुढे 'इजा: नाही'. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची आणि त्या चौदा घरी जायची. जगलेल्यांना विचारायची, मेलेल्यांच्या बायकांना विचारायची. इजा हा शब्द तोंडातून काढायची नाही. एवढंच विचारायची, "त्या दिवशी काय काम चाललं होतं? काय टोचलं?" तेरा जणांनी लगेच सांगितलं. कुणाला शिंपला कापला होता, कुणाला कोळंबीचा काटा. चौदावा म्हातारा, एक हात गमावलेला. तो म्हणाला, "त्या दिवसाचं आठवत नाही पोरी, पण काही टोचलं नाही असा दिवस माझ्या जन्मात गेलेला नाही."

तिने ते सगळं वहीत उतरवून मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वही परत दिली आणि चहा पाठवायला सांगितला. असं तीन वर्षं चाललं. मग तैपेईहून डॉक्टर फांग आले, याच रोगाचा अभ्यास करायला. पोरगेला, चष्मा सारखा पुसणारा.

"मावशी, मेहनत मोठी आहे तुमची," तो म्हणाला. "पण लोकांची आठवण नोंदीत धरता येत नाही."

"खोटं धरता येतं?" आ-ख्वानने विचारलं.

तो लाल झाला. माणूस वाईट नव्हता. त्याने बैठकीत तीच वही वाचून दाखवली, आणि जे तीन वर्षं बडबड होतं ते एका सकाळीत संशोधन झालं. कान सोनारानेच टोचावेत. समिती बसली, तीन महिने बसूनच राहिली, आणि नवा केसपेपर छापून आला. 'इजा'खाली नवी ओळ होती: सागरी अन्नाशी संपर्क, होय / नाही.

आ-ख्वान तो कागद घेऊन माझ्याकडे आली.

"सागरी अन्न म्हणजे?"

"बंदरावरच्या हॉटेलात मिळतं ते. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर."

"आणि आपण खातो ते?"

"ती कालवं."

आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली आणि सरळ मोठ्या डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, दोनच ओळी घाला: कालवं फोडलीत का, मासळी टोचली का. डॉक्टर म्हणाले, हा इस्पितळाचा कागद आहे, मासळीबाजार नाही. दाराबाहेर उभी राहून मी ऐकलं, आणि खरं सांगते, मलाही त्यांचंच पटलं होतं.

"निदान तू तरी तोंडी विचार," ती मला म्हणाली. "छापतील तेव्हा छापतील."

मी हो म्हटलं. महिनाभर विचारलंही. पण गर्दीत जीभ छापलेल्या ओळीवरच जाते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे गर्दी नाही असा दिवस नसतो. विचारायचं राहून जायला लागलं.

जुलैमध्ये डॉक्टर फांगने आ-ख्वानला तैपेईला नेलं. मोठ्या सभेत त्याचं भाषण होतं, हिला पुढच्या रांगेत बसवून फुलं द्यायची होती. त्याच गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आ-ग्योक माझ्या टेबलापुढे येऊन बसली. डावा हात मनगटापर्यंत सुजलेला, बोटांना नेहमीच्या चिंध्या. दुखण्याने ओठ पांढरे पडले होते. एवढ्याशा सुजेला एवढी कळ कशी, हे मला कळायला हवं होतं. मला नाही तर दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

"काय ताई, बहीण राजधानीत फुलं घेतेय आणि तुम्ही इथे?"

"तिला नको हं कळवूस. उगाच पळत येईल. एकदा कुठे पुढे बसलीय बिचारी."

"इजा झाली काही?"

"नाही गं."

"सागरी अन्नाशी संपर्क?"

"कुठलं परवडतंय बाई आम्हाला."

मी हसले. नाहीवर खूण केली. तिच्या हाताला कालवांचा वास येत असणारच. मला तो आलाच नाही. ज्या बायकांनी मला लहानपणी जेवू घातलं त्या सगळ्यांच्या हाताला तोच वास होता. नव्या डॉक्टरने हात पाहिला, युरिक अ‍ॅसिड म्हणाला, गोळ्या दिल्या. ती बसने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उचलून आणली. हात खांद्यापासून काढला. शनिवारी संध्याकाळी ती गेली. आ-ख्वान पोचली होती, पण आ-ग्योकने तिला ओळखलं नाही.

सोमवारी आ-ख्वान केसपेपर घेऊन आली.

"काय विचारलंस तिला?"

मी सांगितलं, शब्द न् शब्द.

"चिंध्या सोडून पाहिल्यास?"

"नाही."

तिने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने एक कागद पुढे केला, सहावीच्या अक्षरात, माझ्या नावाने लिहिलेला. बाई रोज कालवं फोडायची, बोटांना चिंध्या होत्या, मी त्या सोडून पाहिल्या नाहीत, तिला प्रश्न समजला नाही. एवढंच. मोठे डॉक्टर तिला म्हणाले होते, टेबलावरच्या नर्सने असं लिहून दिलं तर केसपेपर बदलावा लागेल.

"तुझी सही हवी," ती म्हणाली. "ताई गेली. पुढचा येईल तो तरी वाचेल."

माझी चार वर्षांची नोकरी राहिली होती. असल्या कागदावर सही म्हणजे चौकशी, कदाचित पेन्शनवर पाणी. मी म्हटलं, उद्या करते. ती उद्या आली. मी म्हटलं, परवा. आठवडाभर रोज जेवणाच्या सुट्टीत ती टेबलासमोर येऊन उभी राहायची आणि मी कामात असल्याचं सोंग करायचे. आठव्या दिवशी आली नाही. कागद माझ्या खणातच राहिला. नोकरी सोडून ती कालवं फोडायच्या छपरात गेली होती, बहिणीच्या जागेवर.

त्यानंतर माझ्या पाळीत मी प्रत्येकाला तोंडी विचारलं, चिंध्या सोडून पाहिल्या. पण पाळ्या तीन असतात, आणि माझी एक होती. डॉक्टर फांगचा पुढचा लेख छापून आला, त्यात आ-ग्योक 'संपर्क नाही' या आकड्यात बसली होती.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सही करून तो कागद घेऊन छपरात गेले. पेन्शन हातात आली होती, आता सही करायला काय जातंय माझं. आ-ख्वानने हात पुसले. कागद नीट वाचला.

"तारीख नाही यावर."

"कुठली घालू?" मी विचारलं. "त्या सोमवारची घालू?"

"आजची घाल," ती म्हणाली. "मधल्या चार उन्हाळ्यांत गेले ते कुणाच्या खात्यावर, ते वाचणाऱ्याला कळायला नको?"

मी आजची तारीख घातली.