सागवानी काळीज

माझे वडील, आबा, उद्यमनगरात कारखान्यांसाठी पॅटर्न बनवायचे. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत ठसा उठवावा लागतो, त्यासाठी लागणारी हुबेहूब लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. पंपाचा, गिअरबॉक्सचा, इंजिनाच्या हेडचा. आयुष्यभर हेच केल्यानं त्यांना एक खोड लागली होती. जे हातात धरून उघडता येत नाही, ते त्यांना खरं वाटायचं नाही. आईच्या हृदयाची झडप अरुंद झाली तेव्हा या खोडीनं माझा जीव खाल्ला.

नव्वदच्या दशकातला उन्हाळा होता. अर्धी बादली उचलली की आई भिंतीला टेकायची. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन पुण्याला, आणि पावसाळ्याच्या आत. टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय घेऊन ते आबांना आणि मला झडप समजावू लागले. आई दाराजवळच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आबांनी ते हृदय डॉक्टरांच्या हातातून काढून घेतलं आणि उघडलं.

"डाक्टर, ह्येचा जोड चुकलाय. ह्यो पल्ला असा उघडायचाच न्हाय."

बाहेर पेशंटांची ही रांग! मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पुण्याला फॉर्म भरून पाठवायचा होता, त्यावर नवऱ्याची सही हवी होती. घरी आल्यावर आबांनी फॉर्म खिशात घातला. "मला जे कळत न्हाय, त्येच्यावर मी सही करत नसतोय."

मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत होते. हृदय तर माझा हातखंडा धडा. घरी फळा आणला, लाल-निळ्या खडूंनी चारही कप्पे काढले, तासभर घसा कोरडा केला. आबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सेक्शन कुठनं घेतलाय? मापं कुठं हायत?"

"आबा, माणसाच्या हृदयाला कसली मापं! मुठीएवढं असतं ते."

चुकलंच माझं. ते उठले, कॅलिपर घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी थापणाऱ्या आईला म्हणाले, "मूठ झाक." पिठानं भरलेली ती मूठ त्यांनी तीन बाजूंनी मोजली.

मग घरात सागवानाचा ठोकळा आला. दिवसभर रंधा, संध्याकाळी पटाशी. मावशी रोज विचारायची, तारीख ठरली का गं? काय सांगणार होते मी, की आबा अजून डावा कप्पा कोरतायत? त्यांना मी रोज समजावत होते. जेवताना समजावलं, चहा देताना समजावलं, भुसा झाडताना समजावलं. आई शेजारी बसून डाळ निवडत असायची. तिला आता चार पायऱ्या चढवत नव्हत्या. एकदा माझा तोल सुटला.

"ती जाईल आबा, आणि तुम्ही पॉलिश पेपर घासतच बसाल!"

ते घासत राहिले. इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, त्यांनी आईला मोरीपाशी पाटावर बसवलं. दोन पल्ल्यांचं, मधोमध उघडणारं लाकडी काळीज तिच्या मांडीवर ठेवलं. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं म्हणून पॅटर्न जरा मोठा करतात. सवयीनं त्यांनी हेही मोठंच केलं होतं.

"माझं एवढं मोठं न्हाय," आई म्हणाली.

आबांनी वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये, झडपेच्या जागी, एक कडी बसवली. तिला सायकलच्या ट्यूबचे मऊ पडदे होते. तांब्यानं पाणी ओतलं, ते सरळ खाली गेलं. मग दुसरी कडी बसवली, कडक चामड्याची, मधे जेमतेम फट. पाणी वरच तुंबलं आणि मागच्या भोकातून आईच्या लुगड्यावर सांडलं.

आईनं त्या फटीत करंगळी घालून बघितली. पेरभरही गेली नाही.

"एवढ्यातनं जातंय व्हय माझं रगात?"

"व्हय. मागं तुंबतंय, म्हणून तुला दम लागतोय. ही कडी तेवढी बदलायची."

"आनि काळीज? काढून दुसऱ्याचं घालत न्हाईत?"

"न्हाय की. तुझंच ऱ्हातंय."

ती बराच वेळ ते काळीज उघडत-मिटत बसली. मग म्हणाली, "मग जाऊया की."

मी पेन घेऊन धावले. फॉर्म आबांच्या हत्यारांच्या पेटीत होता. त्यावर सही होती, आणि खाली डॉक्टरांकडून आलो त्याच दिवसाची तारीख.

"आबा! सही केली होती तर बोलला का नाहीत?"

"सही करून काय उपेग? मी मरंन पर जानार न्हाय, म्हनली हुती तुझी आई रिक्षातनं उतरताना. पोरीला सांगू नगंस, म्हनली."

"मग तीन आठवडे मी तुमच्याशी का भांडत होते?"

"त्ये मला काय ठावं? तू थांबलीस कवा?"

सगळ्या जगाला मी हृदय समजावलं होतं, आणि जिचं ते होतं तिच्याकडे तोंड करून एक वाक्य बोलले नव्हते. सोमवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी मी फॉर्म घेऊन त्याच्या दारात उभी होते.

दिवाळीपर्यंत आई भरलेली बादली उचलायला लागली. पुढे कैक वर्षं गल्लीत कुणाला ऑपरेशन सांगितलं की ते माणूस तिच्याकडे यायचं. ती कपाटातून लाकडी काळीज काढायची आणि आधी त्याच्या हातात द्यायची. मी काही सांगायला तोंड उघडलं की म्हणायची, "तू गप बस. त्येला बघू दे."