झाकून ठेवलेली खीर

अळिवाच्या खिरीच्या वाटीवर झाकण ठेवून मी घड्याळाकडे बघत बसले आहे. समोर सून बाळाला पाजतेय. थायरॉइडची गोळी तिने मघाशीच अनशापोटी घेतली. आता तासभर काही खायचं नाही.

दुधातून बाळाला जाईल या धास्तीने तिने ही गोळी आमच्या नकळत बंदच केली होती. पार गळून गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, या गोळीने बाळाला काही होत नाही. रोज घे, खुशाल पाज. रक्त तेवढं तपासत राहू."

बाळंतिणीला उपाशी ठेवणं माझ्या जिवावर येतं. माया म्हणजे वाढणं, एवढंच मला ठाऊक. तरी रोज तासभर हात आवरते.

"आई, झाला की तास! आणा ती खीर."

किती दिवसांनी तिने स्वतःहून खायला मागितलं!