विचारल्याशिवाय हलवू नये

गुढीपाडव्याआधीचा शनिवार: पत्रा दाबून घडवणाऱ्या प्रेसच्या संरक्षक जाळीच्या संगणकीय मॉडेलची ‘साफसफाई’ झाली. जबाबदार, ती करण्याचा आदेश देणारे डिझाइन विभागप्रमुख. आषाढातला सोमवार: उंच साचा बसवायचा म्हणून जाळी वर घेण्यात आली. जबाबदार, त्या नकाशावर ‘तपासले’ म्हणून सही करणारे तेच प्रमुख. श्रावणातला गुरुवार: प्रेसवरील कामगाराची दोन बोटे गेली. सर्वपित्री अमावास्येचा आदला दिवस: चौकशी समितीचा अहवाल आला. ‘मूळ रेखाटनातील त्रुटी, संबंधित कर्मचारी हयात नाही.’ जबाबदार, समितीचे सर्व सदस्य. ज्याला नोटीस बजावता येत नाही, त्याला दोषी ठरवणे नेहमीच सोयीचे असते.

तो ‘संबंधित कर्मचारी’ खडकीकडच्या आमच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसत असे. संगणकावर यंत्राचा भाग घडवताना आधी सपाट रेघांचे स्केच काढतात. त्याला जाडी दिली की पत्रा, पट्टी, खाच असे काहीतरी उभे राहते. त्याला फीचर म्हणतात. फीचर उभे राहिले की स्केच त्याच्या पोटात जाते आणि पडद्यावरून नाहीसे होते. नाहीसे होते, मरत नाही. एकच स्केच दोन फीचरना दिले, तर एक रेघ हलवताच दोन्ही सोबत हलतात.

माझ्या सहकाऱ्याने जाळीची खालची कड आणि तिच्याखालची पोलादी पट्टी एकाच स्केचवर बांधली होती. जाळी वर गेली की पट्टीही तितकीच वर येई. मधल्या फटीत पत्रा जाई, बोट जात नसे. त्या स्केचला त्याने नाव दिले होते, ‘विचारल्याशिवाय हलवू नये. विचारल्यास नकार मिळेल.’

“अरे, हे स्केचचं नाव आहे की सोसायटीच्या जिन्यातली पाटी?” मी विचारले होते.

“पाटी लोक निदान वाचतात,” तो म्हणाला. “तू साहेबांना लिहितोस ती पत्रं कोण वाचतं?”

त्याच्याकडे बघून आमच्या विभागात सगळेच महत्त्वाच्या स्केचना अशा पाट्या लावू लागले. नवा माणूस पहिल्या दिवशी त्या वाचून हसे आणि दुसऱ्या दिवसापासून विचारून काम करी.

अपघातानंतर मला निवृत्तीतून बोलावले, ते केवळ जुनी फाइल उघडून देण्यासाठी. नव्या फाइलमध्ये एकही पाटी नव्हती. सगळ्या स्केचना नुसते क्रमांक. जाळीच्या पोटात एक स्केच, पट्टीच्या पोटात त्याचीच प्रत. एकमेकांशी संबंध तोडलेला. जाळी वर गेली होती, पट्टी जागच्या जागी राहिली होती.

“सर, ऑडिटला मराठी नावं चालत नाहीत,” प्रमुख म्हणाले. “आणि शेअर्ड स्केच म्हणजे डोकेदुखी. म्हणून कॉपी करायला सांगितलं. सिंपल.”

“हे आपण समितीला सांगितलंत?”

“काका, रिटायर झालात ना? एन्जॉय करा की.”

मग मी जुनी फाइल उघडली. जाळीचे फीचर निवडून लपलेले स्केच दाखवायला सांगितले, आणि त्याच्या रेघा धातूच्या आतून उजळून वर आल्या. सगळी मापे डावीकडे मांडलेली. उजवीकडे मापे मांडणारा माणूस घाईत असतो, असे माझा मित्र म्हणे. खुर्चीच्या मागे कोणी उभे असावे तसे मी वळून पाहिले.

तेव्हापासून मला फटी दिसतात. कर्वेनगरच्या आमच्या इमारतीत लिफ्टच्या दारापाशी मी थांबतो आणि नकळत बोट पुढे नेतो.

“अहो, दार लागतंय. मोजताय काय?” पत्नी विचारते.

मी त्या कामगाराला भेटून आलो. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, “जाळी हाय म्हटल्यावर मी तिकडं बघितलंच न्हाई, सायेब.” त्या जाळीवर त्याने ठेवलेला विश्वास माझ्या मित्राने कमावलेला होता.

आणि मित्राची पत्नी. अहवालाची प्रत तिच्यापर्यंत कोणी पोहोचवली, देव जाणे. तिने पाणी दिले, समोर बसली आणि विचारले, “भावोजी, त्यांच्यामुळे गेली का हो त्या माणसाची बोटं?”

“नाही.”

“मग हे छापलेलं कोण पुसणार?”

मी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्रे पाठवली. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. म्हणून आता बंद पाकीट नाही, हे उघड लेखन. बचावाची संधी न देता कोणालाही दोषी ठरवू नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व. मृत्यूने ते रद्द होत नाही.

माझी मागणी अशी: विभागप्रमुखांनी कारखान्यात, सर्व पाळ्यांच्या कामगारांसमोर, जुनी आणि नवी फाइल मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडावी. तो कामगार आणि माझ्या मित्राची पत्नी पहिल्या रांगेत बसलेली असावीत. जाळीच्या पोटातले स्केच दाखवावे, पट्टीच्या पोटातले दाखवावे आणि एकच प्रश्न सर्वांना ऐकू येईल अशा आवाजात सोडवावा: एकाचे दोन कोणाच्या आदेशावरून झाले? उत्तर आपल्याला ठाऊक आहे, साहेब. ते आपण उभे राहून द्या.