पायलीवरची शीग

पोंभुर्ण्याच्या रिना दुर्गेला चंद्रपुरात सगळे ‘इंटरनेटवाली’ म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे. दोन हजार एकचा तो उन्हाळा. ती कामाला होती त्या मोहसीनभाऊंच्या छोट्याशा कंपनीकडून मूल गावापासून गडचिरोलीपर्यंतच्या सायबर कॅफेंना इंटरनेट जाई, आणि त्या साऱ्याची भिस्त एका मशीनवर होती. कॅफेत कुणी वेबसाइटचं नाव टाइप केलं की त्या नावामागचा आकडी पत्ता हे मशीन सांगे. त्याला नेम सर्व्हर म्हणतात. तो रिनाने स्वतःच्या हाताने उभा केला होता, म्हणून त्याला कुणी नावं ठेवलेली तिला खपत नसे.

पण त्या मशीनला कुणाची तरी नजर लागली. दूरवरचा कुणी अनोळखी माणूस त्याला एक वाकडा प्रश्न विचारी, की मशीन आडवं पडे आणि सगळे कॅफे मुके होत. मूलचा कॅफेवाला तर फोनवर रिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

मशीनमधला प्रोग्राम फुकटचा होता, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आणि उघडा. कुणीही आत डोकावावं. रिना डोकावली. उत्तर तयार करायला मेमरीत ठरावीक जागा होती, डबाच म्हणा ना, आणि उत्तर त्या डब्याबाहेर सांडत होतं. एवढं कळल्यावर तिने डबा दुप्पट मोठा केला आणि ‘झालं काम’ म्हणून ऑफिसभर चहा पाजला. घाई झाली बाईला. आठवडाही उलटला नाही तोच मशीन पुन्हा पडलं, आणि या खेपेला तो अनोळखी आत शिरून पत्त्यांची उलथापालथ करून गेला. बँकेचं नाव टाकलं की भलतंच पान उघडू लागलं.

मोहसीनभाऊ चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“रिना, बारावीचा निकाल येऊन राह्यला,” ते म्हणाले. “त्या दिवशी मशीन पडलं तर पोट्टे मले जित्ता नाई सोडनार. नागपूरवाल्यायले सांगतो, नावाचं काम आता थेच पाहतील.”

“अन् मी?”

“तू बिलं पाय.”

रविवारी ती गावी आली ती तोंड पाडूनच. तिची आई रुखमाबाई बाजारात मुरमुरे विकायची. “घरी बसून भिंती पाहण्यापरीस चाल बाजारात,” म्हणत तिने लेकीला ओढत नेलं.

बाजारात रुखमाबाईची एक रीत होती. पायली भरली की वर मुरमुऱ्यांचा डोंगर, म्हणजे शीग लावायचीच. सपाट पायली देणं म्हणजे हात आखडणं, असं तिथे सगळेच मानत. तेवढ्यात लालसूभाऊ आले. जंगलातल्या गावचे, हिशेबाला पक्के. त्यांनी खास पायलीच्या मापाचा डबा आणला होता. रुखमाबाईने शीग लावलेली पायली त्यात उपडी केली. डबा काठोकाठ भरला आणि वरची शीग घरंगळत शेजारच्या अंजनाबाईच्या सुक्या मासोळ्यांत जाऊन पडली.

“रुखमाबाई, माह्या मासोऱ्यायचा चिवडा काऊन करून राह्यली?” अंजनाबाई म्हणाली.

“डब्बा तं पायलीचाच आहे, मोजून आनला,” लालसूभाऊ म्हणाले.

“डब्बा बरोबर आहे भाऊ. पन शीग कुठी मावन?”

सगळे हसले. रिना मात्र हसली नाही. प्रोग्राम हेच तर करत होता. उत्तर डब्यात मावतं का, हे तो आधी मोजी, आणि मग खरेपणाची खूण म्हणून वर सही जोडी. मोजायचं सपाट आणि द्यायची शीग! डबा कितीही मोठा करा, समोरचा तो काठोकाठ भरणार आणि सही शेजारी सांडणार. शेजारी मासोळ्या नव्हत्या, प्रोग्रामचे स्वतःचे हुकूम होते. तेच त्या चोराच्या हाती लागत होते.

तिने पुढचीच एसटी पकडली. दुरुस्ती चार ओळींची निघाली: मावतं का हे बघताना सहीची जागाही मोजायची, आणि मावत नसेल तर सरळ नाही म्हणायचं. तो वाकडा प्रश्न तिने स्वतःच मशीनला पुन्हा पुन्हा विचारला. मशीन ढिम्म हललं नाही. ते मोहसीनभाऊंना दाखवून तिने निकालाच्या दिवसापर्यंतची मुदत मागून घेतली.

निकालाच्या दिवशी भर दुपारी तो अनोळखी परत आला. स्क्रीनवर त्याचे प्रश्न एकामागून एक येताना दिसत होते, आणि प्रत्येकाला मशीन नकार देत होतं. तिकडे कॅफेंमध्ये पोरांचे निकाल भराभर उघडत होते. रिनाला इतका आनंद झाला की तिला बसवेना. मोहसीनभाऊंनी चहा खाली ठेवला आणि नागपूरला फोन लावला.

“नावाचं काम इथीच राहीन,” ते म्हणाले. “आमची रिना आहे ना.”

रिनाने दुरुस्ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही पाठवली होती. सहीच्या जागेला तिने इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं ‘शीग’. ही काय भानगड, असं त्यांनी विचारलं. तिने सगळा बाजार लिहून कळवला. त्यांनी दुरुस्ती घेतली, आणि नावही तसंच ठेवलं.

पुढच्या रविवारी तिने आईला हे सांगितलं. रुखमाबाईने नीट ऐकून घेतलं आणि मग शेजारी वळली.

“आयकलं का अंजना? आता साऱ्या जगात कोनाच्याच मासोऱ्यायत मुरमुरे पडनार नाई. माह्या पोरीनं बंदोबस्त केला.”

अंजनाबाईने तरीही आपलं मासोळ्यांचं पोतं वीतभर पलीकडे सरकवून घेतलं.