नत्थूभाऊंची पाटी

ये प्रणाली, अशी जवळ ये. दारातूनच "बऱ्या आहात ना काकू?" म्हणायचं आणि पळायचं, ही कोणती रीत गं? लग्नाला वर्ष होत आलं आणि सासऱ्यांचा चेहरा तुला फक्त हार घातलेल्या फोटोतला माहीत. त्या फोटोतले नत्थूभाऊ तर मला ओळखूच येत नाहीत. अंगात कोट, तोंड बंद! हा माणूस तोंड बंद ठेवून कधी उभा राहिला होता का?

आमचे नत्थूभाऊ म्हणजे सकाळी सहाला हातात बांबूची काठी. तिच्यावर चाकूने खुणा केलेल्या. सायकल दुरुस्तीचं दुकान उघडायच्या आधी वस्तीतल्या घराघरासमोर थांबायचे, नालीत काठी बुडवायचे, डोळ्यांजवळ धरायचे आणि डॉक्टरने ताप सांगावा तसं सांगायचे, "बाई, तुमच्या नालीची तब्येत बरी नाई. काल शिळा भात टाकला का इच्यात?" नगरसेवक झाले तरी काठी सुटली नाही. कोणी रहिवासी दाखला मागायला आलं की म्हणायचे, "देतो न सही. पयले सांग, घरापुढची नाली कवा पायली तू?" माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण सगळी वस्ती भाऊ म्हणायची, मग मीही म्हणायची.

आता ऐक. आमच्या वरच्या गल्लीत प्रत्येकाने नालीवर फरशी टाकून ओटा बांधलेला. माझाही होता. आमचे हे गेल्यावर मी त्या ओट्यावरच जगले म्हण ना. अंबाडी निवडायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचं. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, आणि घरात एकटी कोणाशी बोलू, भिंतीशी?

पण ओट्यांखालचा गाळ कोणाला काढता येईना. पावसाळ्यात पाणी तुंबायचं आणि खालच्या गल्लीत रशीदभाई सुतारांच्या घरात शिरायचं. ओटे आमचे, पाणी त्यांचं. एका वर्षी त्यांची ओली बाळंतीण सून पोर छातीशी धरून दिवसभर लाकडांच्या थप्पीवर बसून राहिली. नत्थूभाऊ ते पाहून आले. आठ दिवस काठी नाही, काही नाही. नवव्या दिवशी ओटे फोडायला सब्बल घेऊन निघाले ते आधी स्वतःच्याच दारात. तुझी सासू ओट्यावर तुळशीला पाणी घालत होती.

"लक्ष्मे, तुळस आत घे."

"निवडणूक तोंडावर आली अन् तुमाले हेच सुचून राह्यलं?"

"मंग काय, पाणी थांबते का निवडणुकीसाठी?"

दोन दिवस तिने त्यांना अळणी भाजी वाढली. विचार तिला, अजून हसेल.

मग माझी पाळी. मी ओट्यावर पाय सोडून बसले. "मार सब्बल, माह्या पायावर मार! ह्याच्यासाठी निवडून आणलं का तुले?"

नत्थूभाऊ समोर रस्त्यावरच बसले. म्हणाले, "रशीदभाईची सून लाकडावर बसली होती बाई. तुमाले बसाले मी कायतरी पायतो. पण ओटा जाईन."

दुपार झाली, ऊन कलंडलं, ते बसूनच. शेवटी मीच उठले. रडत उठले आणि मनात गाठ मारून उठले.

निवडणुकीत नत्थूभाऊ पडले. आमच्या गल्लीनेच पाडले. मीही दुसरंच बटण दाबलं. हे तुझ्या सासूलाही माहीत नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बघते तर नालीत काठी!

"आता काऊन आले भाऊ? आता तर तुमी नगरसेवक नाई."

"नाली तर तेच आहे न बाई."

त्या पावसाळ्यात रशीदभाईंचा उंबरा कोरडा राहिला. पोळ्याच्या सुमारास ते आणि नत्थूभाऊ एक बाक उचलून माझ्या दारात आले. जाड सागवानी फळी, चार भक्कम पाय. "बसा. ओट्याच्या बदली."

मला राहवलं नाही. "भाऊ, मी तुमाले मत नाई देलं."

रशीदभाई उगाच आभाळाकडे पाहू लागले. नत्थूभाऊ बाक हलवून पाहत म्हणाले, "मालूम आहे. मतदानाच्या दिवशी तुमी माह्याशी लई गोड बोलल्या. एरवी शिव्या देता." आणि लगेच, "रशीदभाई, हा पाय डुगडुगते. पाचर मारा."

एवढंच. पुढे दोन वर्षं रोज काठी, रोज माझ्या शिव्या. मग एका सकाळी काठी आली नाही. झोपेतच गेले होते.

तेरवीला लोक बसायला हवेत म्हणून बाक तुमच्या अंगणात न्यायला काढला. रशीदभाईंनी तो उलटा धरला, तेव्हा मला खालची बाजू दिसली. पांढऱ्या रंगात त्यांचं नाव, त्याखाली 'नगरसेवक'. दुकानावरची पाटी गं! निवडून आले तेव्हा रशीदभाईंनीच हौसेने करून दिली होती. आणि मी दोन वर्षं तिच्यावर बसून त्यांना शिव्या घालत होते. मी रशीदभाईंना म्हटलं, "सांगायचं नाई का?" ते म्हणाले, "भाऊनं मना केलं होतं. म्हणे, बाई मंग बसणार नाई."

म्हणून म्हणते, येत्या रविवारी ये. सवड काढून ये, चहाला बस. बाक मला एकटीला उलटा करवत नाही. दोघी मिळून करू, तू नाव वाच. आणि ती काठी तुमच्या न्हाणीच्या कोपऱ्यात असेल, सासूला विचारून घेऊन ये. हल्ली मला नालीत वाकून पाहता येत नाही, आणि परवापासून तिची तब्येत काही बरी दिसत नाही.