टेबलावरची धूळ

मंडळी, आज दुपारी इथे कतारमध्ये, लुसैलच्या आमच्या ऑफिसात बातमी फिरली की पुढच्या महिन्यात माणसं कमी करणार. घरी येऊन मी आणि बायको तेच बोलत बसलो. आठ वर्षांच्या लेकीनं नेहमीप्रमाणे इंग्रजीत विचारलं, आपण इंडियाला परत जाणार का?

ऐंशीच्या दशकात इथल्याच मेसईदच्या कंपनी क्वार्टरमध्ये मी बाबांना हेच विचारलं होतं. तेव्हा तेलाचे भाव पडले होते. बाबा आणि त्यांचे मित्र रोज संध्याकाळी आता कोणाला काढतील यावर बोलत बसायचे.

वाळूच्या वादळानंतर एसीच्या फटीतून टेबलावर धूळ साचायची. आई ती लगेच पुसायची नाही. त्यात मला बोटानं अक्षरं गिरवायला लावायची. परत गेलो तर मला नाशिकच्या मराठी शाळेत घालावं लागणार होतं, आणि मला साधा 'क' काढता येत नव्हता.

बाबा वैतागायचे. "इथं नोकरीचं काय होतंय ते कळेना, आणि तुझं हे काय चाललंय?"

"तुम्ही इथलं बघा, मी तिथलं बघते."

बाबांची नोकरी टिकली. ती शाळा मी कधी पाहिलीच नाही. पण ही पोस्ट मराठीत लिहितोय, ती त्या धुळीमुळे.

आज सकाळी वारा होताच, टेबलावर धूळ साचली होती. तिच्या प्रश्नानंतर मी लेकीला टेबलाशी बसवलं. तिनं स्वतःचं नाव अर्धं लिहिलं, तोच बायको फडकं घेऊन आली.

"आई, थांब ना," लेक म्हणाली. चक्क मराठीत.

तुमच्या टेबलावर आहे का आज धूळ?